विणकराच्या घरातल्या सात खाचा

लिडकम गावातल्या विणकराच्या जुन्या घरात, जे आता संग्रहालय आहे, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर सात खाचा आहेत, आणि त्यांतल्या कोणत्याही दोन खाचांमधले अंतर दुसऱ्या दोहोंशी जुळत नाही. शेजारच्या फलकावर ‘कापड मोजण्याच्या खुणा, अठरावे शतक’ असे लिहिले आहे. तो मजकूर इतिहास मंडळाच्या टजसाहेबांचा. रविवारी ते तिकिटे तपासत होते, तेव्हा रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांचे बोलणे त्यांच्या कानावर पडले.

“विनी, दोरी ओलांडू नकोस. हाकलून देतील.”

“माझ्याच स्वयंपाकघरातून?”

“अगं, घर विकून चाळीस वर्षं झाली!”

“एकदाच हात लावते, डॉरीन. सगळ्यात वरच्या खाचेला.”

“मग सांग ना त्यांना, फलक चुकलाय म्हणून.”

“नको गं. मग बस भरभरून येणारे लोक माझ्या आर्थरशेजारी उभे राहून फोटो काढतील. कापड म्हणतात तेच बरं.”

टजसाहेबांनी दोरीचा आकडा काढला.

“या, बाई. फक्त ही अंतरं सारखी का नाहीत, तेवढं सांगा.”

“मुलं कुठे मापात वाढतात, साहेब? दर वाढदिवसाला माझ्या आर्थरला इथे उभं करून मी डोक्याशी सुरीने खाच पाडायची. आठव्या वाढदिवसाआधीच तो मेंदूज्वराने गेला.”