चार कडव्यांचं पाणी

प्लंबर : आजी, कडवी नकोत, मिनिटं सांगा. नळ उघडल्यावर गरम पाणी यायला किती वेळ लागतो?

आई : सांगितलं ना, न्हाऊ घालायच्या गाण्याची चार कडवी. चौथं संपता संपता हात पोळतो.

मुलगा : दोन मिनिटं धरा हो, मिस्त्री. हीटर स्वयंपाकघरात, न्हाणीघर घराच्या दुसऱ्या टोकाला. एवढी वाट चालून यायची म्हणजे पाणी तरी काय करेल!

आई : उद्या दवाखान्यातून नात घरी येतेय. आठ दिवसांचा जीव. तोवर तिला उघडी धरून बसू?

प्लंबर : आधीच बालदी भरून ठेवायची.

आई : बाळ काय सांगून शू करतं? दिवसातून दहा वेळा धुवावं लागणार बाईसाहेबांना!

प्लंबर : तेही खरंच. हे बघा, बेसिनखाली पंप बसवलाय. बटण दाबलं की पाइपात गार होऊन पडलेलं पाणी दुसऱ्या पाइपातून हीटरकडे परत जातं. थेंब वाया नाही. लाल दिवा विझला, की गरम पाणी दारात. दाबा, तुमच्याच हातानं.

आई : थांबा, बालदी लावते.

प्लंबर : अहो, नळ कशाला उघडलात!

आई : सवय रे बाबा. तीस वर्षं ते पहिलं गार पाणी झाडांना घालतेय.

मुलगा : आई, आधी बटण. नळ मागून.

आई : बरं, केला नळ बंद. हे दाबलं बटण.
निघालं गं ऊन पाणी, स्वयंपाकघराच्या कोनी,
वाट त्याची बघतो गं, नागडाच माझा गुणी…

मुलगा : आई! मिस्त्रींसमोर?

आई : हाच तो गुणी, मिस्त्री. असाच कुडकुडत ऐकायचा.

प्लंबर : विझला दिवा! उघडा आता.

मुलगा : आई गं, पोळला हात! एका कडव्यात आलं!

प्लंबर : मग! आजी, तुमचं तोंड का हो उतरलं?

आई : पाणी झकास आलं रे. पण उरलेली तीन कडवी आता कुठे म्हणू? नळ वाहायचा, पोर रडायचं, म्हणून तर जुळवली होती.

प्लंबर : नळासाठी कशाला? नातीच्या अंगावर पाणी घालताना म्हणा. पंप मुका आहे माझा, मध्ये बोलणार नाही.

मुलगा : शेवटचं कडवं मला येतं.

आई : तुला? मघापासून मिनिटं मोजत होतास ना!

मुलगा : ऐक तर.
आलं आलं ऊन पाणी, धावून दमलं बाई,
हात घालून बघतो आधी, मग न्हाऊ घालतो बाबा…

आई : तिथे 'आई' आहे रे. 'बाई'ला 'बाबा' जुळत नाही.

मुलगा : जुळेल. रोज म्हणून म्हणून जुळेल.

आई : बरं. उद्या तू म्हण. मी टॉवेल धरून उभी राहते.