गच्चीवरच्या कुरडया

—तर कुरडया हायत वो माज्या वर, ईश्वरप्पा, दुसरं काय असनार? सकाळी गच्चीवर घातल्या, जरा खाली आले, तवर तुमी कुलूप ठोकून मोकळं. चेअरमननी सांगितलं म्हनता—व्हय, पोरं पत्ते कुटत्यात वर, पोलीस आले, समदं खरं. पर कुलूप घालायच्या आदी वर कोन हाय-न्हाय बगावं की वॉचमननं. द्या किल्ली, जाते आन् आनते. चेअरमनला इचारून? आन् चेअरमन कवा उचलनार फोन? ह्या घरकुलात करोना आल्यापासनं बगते मी—गेटला पत्रं ठोकलं, लिफ्ट बंद केली, भाजीवाला आत न्हाई, समदं म्हनं आमच्याच भल्यासाठी. मेंढरामागं रानात जल्म गेला आमचा, सातव्या मजल्यावर आनून कोंडलं. वारा घ्याया येवडी एक गच्ची व्हती, तिलाबी कुलूप. आन् ह्या उन्हात, स्लॅब तव्यावानी तापलेला, पान्याबिगर कोन किती तग धरंल—कुरडया म्हनते मी, कुरडया.

असं बगू नगा. बरं, माजे मालक हायत वर. झालं? मोडनिंबाकडं मेंढरं चारत व्हते, कळप दिराच्या हवाली केला आन् परवा चालत आले, मागच्या भिंतीवरनं. गेटातनं कोन घेतंय आत? बाहेरनं आलं म्हनून करोनाच्या सेंटरला नेलं असतं तुमी—शेजारची बाई तितं गेली ती अजून आली न्हाई. घरात बारकी नात हाय, आरोही, तिला काय झालं म्हंजी? म्हनून मीच म्हनलं, गच्चीवर ऱ्हावा, जिन्याच्या सावलीला, तसंबी स्लॅबखाली त्येस्नी झोप लागत न्हाई. भाकरी मी आनून दीन, पर मी हाक मारल्याबिगर आवाज करू नगा, असं बजावलं त्येस्नी. तितंच चुकलं माजं. कळपामागचं मानूस, गप बस म्हनलं की बसतंय—तुमी कुलूप घातलं तवाबी बोलले नसतील. मी पान्याची घागर भराया खाली आलेली. आता सावली कुटली ऱ्हायली? ऊन डोक्यावर आलं. मगाशी जाऊन दार वाजवलं, कान लावला. उखाना सोडला तर जल्मात त्येंचं नाव घेतलं न्हाई मी—आज दाराला तोंड लावून धुळा म्हनून हाक मारली. दोनदा मारली. न्हाई बोलले वो.

रागवा, व्हय, रागवा. न्या त्येस्नी सेंटरला, मलाबी न्या. चेअरमनला सांगा, पोलिसास्नी सांगा, मीच पुडं हून सांगते की भिंतीवरनं म्या घेतलं म्हनून, कुरडया-बिरडया काय न्हाईत म्हनून. पर ते समदं मागनं. आदी कुलूप काडा. कुनाला लावताय आता? ठिवा तो फोन, ईश्वरप्पा. घागर मी घेते. चला.