दोन पायली भाताची सून

मी कौसाबाई, धनगराची लेक आणि धनगराचीच सून, माहेर गंगेच्या पल्याड गंगाखेडच्या अंगाला आणि सासर हे असं पोखर्णीच्या वाटंवर, आता गंगा म्हणजे गोदावरी, पण आमच्याकडं तिला गोदावरी कुणी म्हणत न्हाई, तुमाला लिहायचं तर लिहा. माझ्या बापाकडं इतकी मेंढरं होती की पहिलं मेंढरू गावात शिरायचं तवा शेवटचं अजून नदीत पाय भिजवायलेलं असायचं, खोटं वाटत असंल तर माझ्या भावाला विचारा, तो माझ्याहून जास्ती सांगतो.

आमी ज्वारीची माणसं. सकाळी भाकर, संध्याकाळी भाकर, ताप आला तर भाकर कुस्करून. भात म्हणजे लग्नात, पंगतीला बसलं की पत्रावळीवर एक मूद पडायची, वर वरण, आन् ती गिळून मान वर करावी तर वाढप्या चार पत्रावळ्या पुढं गेलेला. शिजताना भात मी जन्मात पाहिला नव्हता. माझी आपली समजूत की तो बाजारातूनच तसा पांढरा, मऊ येत असंल. आता तुमी हसायलाव, पण तवा मला हसायचं सुचलं न्हाई, कारण लग्न होऊन पाचव्या दिवशी सासूबाई म्हणली, आज भावकी जेवायला येणार हाय, नव्या सुनंच्या हातचं खायचं म्हणत्यात, वरण-भात कर, मी शेजारी बसून येते.

किती टाकू, हे विचारायला पाहिजे होतं. पण नवी नवरी, तोंडातून शब्द निघंना. मी मनाशी हिशेब केला, घरात पंधरा माणसं, भावकीची पाच-धा, इतक्या माणसाला भाकरीला ज्वारी दळायची म्हणलं की माझी माय दोन पायल्या काढायची. मग काढले मी लग्नातल्या उरलेल्या पोत्यातले दोन पायल्या तांदूळ. ज्वारी दळली की तेवढीच राहती, तांदूळ शिजला की काय करतो ते मला कुणी सांगितलंच न्हाई.

काय सांगू तुमाला, तो भात फुगायला लागला. आधी झाकण उचललं, मग झाकण खाली पडलं, मग मी दुसरं पातेलं लावलं, ते भरलं, मग परात, मग काठवट, मग पाण्याचा हंडा रिकामा करून त्यात, तरी चुलीवरचं काही कमी होईना. घरातलं एक भांडं उरलं न्हाई, मामंजीची चिलीम तेवढी राहिली, ती पण त्यांच्या हातात होती म्हणून. भावकी आली, जेवली, पुन्यांदा जेवली, एक-दोन जणांना हाताला धरून उठवावं लागलं, आन् ती गेल्यावर बघते तर भात जसाच्या तसा, जणू कुणी चाखलाच न्हाई.

सासूबाईनं सगळी भांडी एकदा फिरून बघितली. वरडली न्हाई, त्याचीच मला जास्ती भीती वाटली. म्हणली, बाई, तुझ्या बापानं तुला मोजायला शिकवलं न्हाई, मेंढरं पण अशीच मोजतो का. मग म्हणली, तुझा नवरा मेंढरं घेऊन चौथ्या दिवशी येणार, तवर ह्यातलं एक शीत उकिरड्यावर दिसलं किंवा शिळं कुणाच्या ताटात दिसलं, तर तू तुझ्या बापाच्या घरी. आन् नुसतं म्हणली न्हाई, गंगाखेडच्या बाजाराला जाणारा एक माणूस होता, त्याच्याजवळ निरोपच दिला, लेकीला घेऊन जा म्हणून. म्हणजे माझा निकाल आधीच लागला होता, मला चार दिवस नुसतं राबायचं होतं.

आता परतलेली पोरगी म्हणजे काय, ते तुमाला सांगायला नको. मला दोन धाकट्या बहिणी होत्या, त्यांना मग कुणी विचारलं असतं का. मी रडले, उलीसंच, आन् मग भाताकडं बघितलं. म्हणलं, तू माझा वैरी हाय, तर तुला असा संपवते की तुझं नाव पण कुणाला ऐकू येणार न्हाई.

थंडीचे दिवस होते, ते एक बरं झालं. भात धोतरावर पसरला, मीठ घातलेलं ताक शिंपडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीच्या पिठात दोन मुठी भात मळला, असा मळला, असा मळला की शीत सापडंना, आन् भाकरी थापल्या. त्या भाकरी इतक्या मऊ झाल्या की मामंजीनं, त्यांचे एका बाजूचे दात गेलेले, तीन भाकरी नुसत्या ओठांनी खाल्ल्या, म्हणले, ही ज्वारी कुठली, पुढच्या साली हीच पेरू. दुपारी भात घोटून ताकात सोडला, लसूण-जिऱ्याची फोडणी दिली, सासूबाई दोन वाट्या पिली, म्हणली, हे काय केलंस, मी म्हणलं, ताकाचं हाय. खोटं न्हाई, ताकाचंच होतं. मग भात वाटला, मिरची-जिरं घातलं आन् छतावर सांडगे घातले, एवढे की पार परभणीचे कावळे आले, मी ओळखते ना, शहरातला कावळा जरा अंग चोरून बसतो.

तरी भात उरलाच. मग माझी नजर मामंजीच्या पटक्यावर गेली. पटका लुळा, डोक्यावर बसायचा न्हाई, सारखा कानावर यायचा. मी भात पाण्यात पातळ शिजवला, फडक्यातून गाळला, झाली खळ. पटका त्यात बुडवला, वाळवला, आन् तो असा कडक झाला की खुंटीला अडकवायची गरज न्हाई, जमिनीवर ठेवला तर आपला आपण उभा. मामंजी तो बांधून पारावर गेले, त्या दिवशी त्यांची मान वळंना, सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्याला सुनंचा ताठा चढला.

इथं माझी फजिती झाली. पारावर कुणाची तरी शेळी होती. ती मागून आली, तिनं वास घेतला, आन् मामंजी बोलण्यात रंगलेले तवा तिनं पटक्याचा मागं सोडलेला शेव दोन हात खाऊन टाकला. मामंजी घरी आले, सासूबाईनं उरलेला पटका नाकाला लावला आन् माझ्याकडं बघितलं. म्हणली, भात. मी खाली बघितलं. म्हणली, आन् ते ताकाचं? मी अजून खाली बघितलं. म्हणली, आन् ती ज्वारी? आता ह्याच्या खाली बघायला जागा नव्हती. मामंजी मात्र म्हणले, मग पुढच्या साली पेरायचं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझा बाप दारात. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, चेहरा असा की चार दिवस पाणी पिला न्हाई. त्याला निरोप पोचला होता. मी पाणी दिलं तर तांब्या तसाच खाली ठेवला, म्हणला, बाई, काय केलंस गं. मी त्याचं घोंगडं खुंटीला अडकवलं.

आता गंमत बघा. ईवाई, सुनंचा बाप, दारात आला म्हणजे त्याला जेवू घालावं लागतं, मग त्याची लेक ठेवायची असू दे न्हाई तर धाडायची. आन् घरात दळण संपलेलं. काठवटीत दोन ओंजळी पीठ आन् टोपलीत भाताचा शेवटचा गोळा, जरा आंबटसर झालेला. सासूबाई आत आली, डबे उघडून बघितले, झाकले, म्हणली, पाव्हण्याला काय वाढायचं? पहिल्यांदा ती मला विचारायली होती. मी म्हणलं, आत्याबाई, भात हाय, पण शिळं ताटात दिसायचं न्हाई म्हणलं होतं तुमी. तिनं लसणाची टोपली पुढं ओढली. म्हणली, दिसायचं न्हाई म्हणलं होतं, खायचं न्हाई असं कुठं म्हणलं.

मग आमी दोघी बसलो. मी भात कुस्करला, तिनं लसूण-मिरची ठेचली, मी पीठ घातलं, तिनं तीळ आन् कोथिंबीर घातली, ओल्या फडक्यावर धपाटे थापले आन् तव्यावर टाकले. काय वास सुटला म्हणून सांगू, पारावरची ती शेळी पुन्यांदा दारात आली. बाप खाली मान घालून खायला बसला, पहिला घास घेतला आन् मान वर केली. अकरा धपाटे खाल्ले. खरं तर तेरा, पण बापाची अब्रू म्हणून मी अकरा सांगते.

हात धुऊन म्हणला, ईनबाई, माझं वय झालं पण असं धपाटं मी खाल्लं न्हाई, कुणी केलं? मी दाराआड. सासूबाईनं पदर सारखा केला, म्हणली, तुमच्या लेकीनं केलं, पण रीत माझी, मी शिकवली. बाप म्हणला, मग तो निरोप, लेकीला घेऊन जा म्हणून? सासूबाई म्हणली, अवो, मी येऊन जा म्हणलं होतं, येऊन जा, लेकीला बघून जावा म्हणून, त्या मेल्याच्या कानात काय कापूस हाय का. बाप हसला, इतका हसला की त्याच्या डोळ्यात पाणी आलं, आन् ते पाणी हसण्याचं नव्हतं, ते मला आन् सासूबाईला दोघींना कळलं.

तिसऱ्या प्रहरी बाप गेला. दुसऱ्या दिवशी मालक मेंढरं घेऊन आले, म्हणले, नव्या नवरीच्या हातचा भात खायचा राहिला. घरात एक शीत नव्हतं. मामंजी म्हणले, शेळीला विचार, तिनं खाल्लाय.

आता तुमी मला विचारायलाव की पार पूर्णेपासून माणसं मला का बोलवत्यात. लग्न असो, भंडारा असो, भात उरला की फोन येतो, मावशी या. मी जाते, त्याचे वडे करते, धपाटे करते, सांडगे करते, गूळ-वेलची घालून खीर करते, सकाळी वऱ्हाड तेच खातं आन् आचाऱ्याला शाबासकी देतं. नातसून मोबाईलवर माझे व्हिडिओ काढती, म्हणती आजी, बोलताना उलीसं कमी फेका. मी म्हणलं, भात कमी पडंल पण तेवढं जमायचं न्हाई.

सासूबाई जाईस्तोर ज्याला त्याला सांगायची, धपाट्याची रीत माझी, ह्या पोरीला तर तांदूळ मोजता येत नव्हता. मी एकदा पण न्हाई म्हणले न्हाई. आता ती जाऊन लय वर्षं झाली, तरी कुणी विचारलं, मावशी, तुमाला हे कुणी शिकवलं, तर मी म्हणते, माझ्या सासूनं. त्या दिवशी बापापुढं जे खोटं तिनं माझ्यासाठी बोललं, त्याच्यावर मी ह्या घरात नांदले, लेकरं वाढवली, नातसुना आणल्या. ते मी कशाला मोडू. तुमी पण तसंच लिहा, सासूनं शिकवलं म्हणून. आन् जाताना सांगते, तुमच्या घरी रोज शिजलेलं मूठभर उरू द्या, आन् ते बघून नाक न मुरडणारं माणूस चुलीपशी असू द्या.