न वेगळा, ल वेगळा

...आणि वर म्हणतात काय, तर घाबरायचं काय त्यात! अहो, घाबरायचं काय त्यात म्हणजे? ज्याची जीभ तोंडात नीट बसलेली आहे त्यानं म्हणावं हे! माझी जीभ... आता कसं सांगू तुम्हाला... आणि नुसत्या जिभेचं काय घेऊन बसलात, माझ्या कानाला, माझ्या आईच्या कानाला, आमच्या अख्ख्या नानचोंगच्या कानाला न आणि ल यातला फरकच कळत नाही! जन्मापासून! न म्हणा, ल म्हणा, आम्हाला एकच. जीभ पडेल तसं बोलायचं. गावात कुणाचं काही अडलं नाही हो कधी. दूध मागितलं की दूध येतं, आजीला हाक मारली की आजीच येते, दुसऱ्या कुणाची येत नाही!

आणि अशा गावात, अशा घरात, माझ्या बापानं माझं नाव काय ठेवावं? लेइ न्वोलान! ल, न, परत ल! मी विचारलं, बाबा, का? तर म्हणाले, "ऐकायला गोड वाटलं." ऐकायला! तुम्हाला ऐकू काय आलं होतं ते तरी कळू दे!

बरं, गावात राहिले असते, आईच्या दुकानात शेवया उकळल्या असत्या, तर हे नाव घेऊन म्हातारी झाले असते मी सुखानं. पण नाही! मला इंग्रजी शिकायचं. मला बाई व्हायचंय शाळेत. आणि शिकायला गेले कुठं, तर चीनान. थेट उत्तरेत! आता चीनानमध्येही न आहेच मधे, मी तिकीट काढतानाच चीलान म्हणाले आणि खिडकीतला माणूस म्हणाला, "चीलिनचं देऊ का?" चीलिन कुठं, चीनान कुठं! तिथंच समजायला हवं होतं मला.

तिथं आम्हाला मू सर. उच्चार आणि भाषाशास्त्र, दोन्ही त्यांच्याकडे. उंच, हातात कायम गरम पाण्याचा थर्मास, आणि आयुष्यात कधी हसलेले नाहीत. आता सरांना आमच्याकडे म्हणतात लाओशी. मी म्हणायची नाओशी. नाओशी म्हणजे दंगा! रोज सकाळी वर्ग उभा राहून म्हणायचा, नमस्कार गुरुजी, आणि मागच्या बाकावरून मी, खणखणीत आवाजात... नमस्कार दंगा! पहिलं सत्र संपेपर्यंत मला कुणी सांगितलं नाही. सरांनीसुद्धा नाही. नुसते थर्मासचं झाकण फिरवायचे.

मग तोंडी परीक्षा आली. उतारा होता वादळात सापडलेल्या खलाशाचा. रात्रभर बर्फ पडतोय, खलाशाला जिवाची भीती वाटतेय. जीव म्हणजे लाइफ. मी वाचलं नाइफ! सर म्हणाले, "म्हणजे याला मरणाची भीती नाही, सुरी हरवण्याची आहे?" मी घाबरले. घाबरले की माझं आणखी बिघडतं. लोकांची त त प प होते, माझी न न ल ल होते! नाइटचं लाइट झालं, स्नोचं स्लो झालं, खलाशी उजेडात हळूहळू पडायला लागला... नापास.

पुन्हा एक संधी होती, उन्हाळ्याच्या तोंडावर. त्यातही गेलं तर अख्खं वर्ष परत, खालच्या वर्गातल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून. आणि इकडे आईनं दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला वाडग्याबरोबर सांगून ठेवलेलं, "आमची पोरगी इंग्रजीची बाई होणार!" म्हणजे मी नापास झाले की सगळ्या रस्त्याच्या घशात शेवई अडकणार.  

माझ्या खोलीत होती तोंग याछिऊ. पार उत्तरेची, हारबिनच्याही पलीकडची, आवाज असा की कुजबुजली तरी तीन खोल्या उठतात. ती म्हणाली, "अगं, घाबरायचं काय त्यात! न वेगळा, ल वेगळा! न नाकातून येतो, ल येत नाही. नाक दाब आणि बोल. आवाज अडला तर न, सुटला तर ल. झालं!"

झालं म्हणे! तेव्हापासून मी सत्रभर नाक धरून फिरतेय! नाक धरून वाचनालयात, नाक धरून जिन्यात, नाक धरून अंघोळीला. मुलं वाट सोडायची. एकजण तर बिचारा स्वतःच्या बगलेचा वास घेऊन बघायला लागला! भोजनगृहात सकाळी दूध मागायचं, दूध म्हणजे निऊनाय, त्यात दोन्ही अक्षरांत न, म्हणून आधी नाक धरायचं आणि मगच बोलायचं. मी नाक धरून उभी, समोर पातेल्यामागे काका, वाफ येतेय... काकांनी डाव खाली ठेवला.

"काय वास येतोय?"

मी मान हलवली.

"नाही, सांग की! पहाटेपासून उभा आहे मी इथं. कशाला वास येतोय? पावाला?"

"काका, न-निऊनाय..."

"म्हणजे दुधाला!"

मागे रांग, सगळे आपापल्या पेल्यात नाक घालतायत! तेव्हापासून मी सकाळचं दूध सोडलं. सोयाबीनचं पाणी पिते, त्याच्या चिनी नावात न पण नाही आणि ल पण नाही. भीतीनं माणूस काय काय पितो!

आईचा फोन. मी नाक धरूनच उचलला, सवय! आई म्हणाली, "नाननान," लाडानं ती मला हेच म्हणते, "सर्दी झालीय? आलं उकळून घे." म्हटलं, सर्दी नाही गं, न आणि ल वेगळे करतेय. ती मग म्हणाली, "म्हण बघू." मी न म्हटलं. मग ल म्हटलं. इतका स्वच्छ आला की माझ्या अंगावर काटा आला. आई म्हणाली, "दोनदा तेच काय म्हणतेस?"

तुम्हाला सांगते, त्या दिवशी मला खरी भीती वाटली. कारण मला तो फरक ऐकू आला होता! आत्तापर्यंत मला येत नव्हता तेव्हा निदान आई आणि मी एका बाजूला होतो. पण तोंग याछिऊनं पाठीवर अशी थाप मारली की नाकावरचा हात सुटला. "आला! कान उघडला! आता घाबरायचं काय त्यात!"

परीक्षेचा दिवस. लेखी आधीच झाली होती, भाषाशास्त्राची, ती बरी गेली. वाक्य फोडून त्याची झाडं काढायची, शब्दाचे तुकडे करायचे, त्याला जीभ लागत नाही. पण तोंडी! लांब बोळ, एका बाजूला बाक, बाकावर आम्ही सगळे नापास लोक, टोकाला सरांचं बंद दार. आत गेलेला मुलगा बाहेर आला तो भिंत धरून. म्हटलं, काय झालं रे? तर म्हणाला, "सर... हसले." अहो, मू सर हसले म्हणजे आत काय घडलं असेल?

त्या दिवशी नेहमीचे शिपाई आजारी, त्यांच्या जागी एक मावशी आलेल्या, पू मावशी. दार उघडायचं, नाव पुकारायचं, दार लावायचं. मी कान टवकारून बसले. ल आला की उठायचं, ल आला की उठायचं...

"नेइ ल्वोनान!"

कुणी उठलं नाही.

"नेइ ल्वोनान! कोण आहे?"

मी मनात म्हटलं, नेइ? हे कुठलं आडनाव? मंगोलियाकडची असेल कुणी. आणि तुम्हाला खोटं वाटेल, मला तिची दया आली हो! बिचारी भीतीनं पळाली. मलाही पळावंसं वाटत होतं, मी पळाले नाही, तर तेवढ्यापुरता मला अभिमानसुद्धा वाटला. मी उठले, म्हटलं, मावशी, ती स्वच्छतागृहात असेल, मी बघून येते! आणि गेले. प्रत्येक दारावर टकटक केली. "नेइ ल्वोनान, आत आहेस का? घाबरू नकोस गं! ये बाहेर!" एका दारामागून कुणीतरी म्हणालं, "मी नाही ती!" म्हटलं, बरं.

परत आले, मावशींना सांगितलं, नाहीये. त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली, सुस्कारा टाकला, आत जाऊन सांगून आल्या. मग बाकीचे गेले, आले, गेले, आले... आणि बाकावर मी एकटी. मावशी खिडक्या लावायला लागल्या.

"मावशी, आणि मी?"

"संपले सगळे, पोरी. तुझं नाव काय?"

"लेइ न्वोलान."

"मग मघाशी तीन वेळा काय बोंबलत होते मी? नेइ ल्वोनान!"

"ते माझं नाव नाही!"

"तेच तर आहे! नेइ ल्वोनान, नेइ ल्वोनान, काय फरक आहे?"

माझी बोबडी वळली. म्हटलं, मावशी, तुम्ही कुठल्या? म्हणाल्या, "नांगचोंगची." नांगचोंग! म्हणजे लांगचोंग! म्हणजे आमच्याच नदीवरचं, वरच्या अंगाचं गाव! "मावशी, मी लानचोंगची!" बघा, नानचोंगचं लानचोंग, भीतीनं सगळं शिकलेलं पाण्यात गेलं. आणि मग त्या बोळात आम्ही दोघी आमच्या बोलीत जे काही भांडलो... मी म्हणते माझं वर्ष घालवलंत, त्या म्हणतात कानात बोळे घालून येतात आणि म्हाताऱ्या माणसाला दोष देतात...

दार उघडलं. मू सर. अंगात कोट, हातात थर्मास.

"कोण आहे?"

मी उभी राहिले आणि तोंडातून काय निघावं? "मू नाओशी!"

सर म्हणाले, "तू गैरहजर आहेस."

"सर, मी सकाळपासून इथंच होते. या बाकावर."

"मग हाक मारली तेव्हा?"

"तेव्हा... मी मलाच शोधायला गेले होते."

"कुठे?"

"स्वच्छतागृहात."

सरांनी कोट काढला. मू सर कोट कधी काढत नाहीत! म्हणाले, "आत ये. हे असं कसं झालं, ते इंग्रजीत सांग. उतारा नको."

मी सांगितलं. नाक धरायला हात उचलला, सर म्हणाले, "हात खाली." हात खाली ठेवून सांगितलं. की आमच्या गावाला न आणि ल हा एकच आवाज आहे, दोन तऱ्हांनी निघतो एवढंच, आणि पुस्तकात लिहिलंय तसं, ज्या फरकानं अर्थ बदलत नाही तो फरक कान टाकून देतो. मावशींच्या कानानं टाकला. माझ्या कानानं या वर्षी उचलला, म्हणून मला माझं नाव परकं वाटलं. किती न चुकले, किती ल चुकले, देव जाणे, मला घामापलीकडे काही दिसत नव्हतं. मग सरांनी मावशींनाही आत बोलावलं, आम्हा दोघींना तेच नाव आळीपाळीनं म्हणायला लावलं, मी एकदा, त्या एकदा, मी एकदा, त्या एकदा... आणि मावशी मधेच म्हणतात, "साहेब, बरोबर ना? तेच म्हणतेय ना मी?"

सरांनी थर्मासचं झाकण फिरवलं. मग म्हणाले, "भाषाशास्त्र चांगलं. उच्चार काठावर."

"काठावर म्हणजे... सर..."

"म्हणजे पास. जा आता. घाबरायचं काय त्यात!"

पास! मी जिन्यातच बसले. मावशींनी पाणी दिलं, त्यांचाच पेला.

सुट्टीला घरी गेले. आईनं रस्ताभर सांगितलेलंच होतं. सकाळी दुकान भरलेलं, मी कोपऱ्यात वाडगा घेऊन खातेय, आणि आई चुलीपाशी कुणाला तरी हाका मारतेय. "नाननान! अगं नाननान!" मी आपली शेवया खातेय. म्हटलं, असेल कुणाची तरी मुलगी. शेवटी आईनं झाऱ्याचं टोक माझ्या खांद्याला लावलं. मी दचकून वर पाहिलं. आई माझ्याकडे बघत राहिली, मग शेजारणीकडे वळली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"पास झाली हो... पण कान गेले बिचारीचे."