दाराला ठाऊक असलेली आई

बायको: आज परत तेच! हातात पिशव्या घेऊन मी समोर उभी, आणि हे तुमचं बोलकं दार म्हणतं, "आई आल्या."

नवरा: जिन्यात उजेड कमी असेल गं. चुकतं कधीकधी.

बायको: भर दुपारी? आईंना जाऊन वर्ष होत आलं. शेजारीण मागेच होती, तिनं तर पिशवीच टाकली हातातली.

नवरा: हे बघ, आत्ता डोकं खाऊ नकोस. तो बिल्डर येतोय थोड्या वेळात दार बघायला. अख्ख्या इमारतीला लावायचं म्हणतोय. हे काम मिळालं तर दुकान तरलं, नाहीतर शटर ओढायचं.

बायको: येऊ दे की. त्याच्यादेखत मला आई म्हणू दे.

नवरा: तुला पहिल्यापासून ही दारं आवडलीच नाहीत.

बायको: नाहीच आवडली. दारानं उघडावं, लागावं, गप्प बसावं. एवढ्या वर्षांत किल्लीनं कधी विचारलं नाही मला, तू कोण म्हणून. तो फ्रिज दूध संपलं म्हणून सांगतो, जशी काही मी आंधळीच! रोगापेक्षा इलाज भयंकर.

नवरा: झालं भाषण? लोकांना हवं असतं, म्हणून विकतो मी.

बायको: लोकांना हवं नसतं हो. शेजाऱ्याकडे आलं की हवंसं वाटतं. आणि दाराला तरी कशाला बोल लावू? तुम्हीच शिकवलंत त्याला.

नवरा: मी काय शिकवलं?

बायको: विसरलात सोयीस्करपणे? आई म्हणाल्या, मी नाही यंत्राला तोंड दाखवणार. तुम्हाला गिऱ्हाइकांसमोर भरलेलं घर मिरवायचं होतं. मग मला त्यांचा चष्मा लावलात, त्यांची शाल पांघरलीत आणि "आई" म्हणून माझा चेहरा भरलात यंत्रात.

नवरा: दाखवण्यापुरतं केलं होतं गं.

बायको: आणि खऱ्या आई आल्या की हे दार काय बोलायचं?

नवरा: जाऊ दे ना आता.

बायको: "अनोळखी व्यक्ती"! पोटच्या पोराच्या दारात. गुडघे धरून उभ्या असायच्या बिचाऱ्या. तुम्ही आत फोनवर. कधी रागावल्या नाहीत, नुसतं विचारायच्या, "बाळ्या, संपला का रे फोन?"

नवरा: मी उघडायचो ना पण.

बायको: संपल्यावर.

नवरा: बास. मला काय वाईट वाटत नाही? सांग, काय करू?

बायको: मला माझं नाव परत द्या. भीती वाटते हो मला. ते "आई आल्या" म्हणालं की खरंच गुडघा दुखायला लागतो. काल जिना चढताना मी कठडा धरला. तो त्या धरायच्या, मी नाही. हसू नका.

नवरा: हसत नाहीये. पण मग आईचा चष्मा कशाला लावून बसलीयस?

बायको: कुठला चष्मा?... अगंबाई! सुईत दोरा ओवायला घेतला होता सकाळी. राहिलाच की डोळ्यांवर.

नवरा: सापडलं बघ! त्यानंच फसतंय दार. काढ, ठेव इथं टेबलावर. आणि मी "आई" ही नोंदच पुसतो... ही बघ, गेली. आता बाहेर जाऊन ये एकदा.

बायको: चेहरा माझाच आहे तो. त्यांना पुसताना मलाही पुसाल.

नवरा: तुझी नोंद वेगळी आहे. यंत्र आहे ते, भूत नव्हे. जा बघू.

(ती बाहेर जाते. दार लागतं.)

दार: अनोळखी व्यक्ती.

बायको: बघा! म्हटलं नव्हतं मी? उघडा आता.

नवरा: थांब, थांब. चेहरा एकच ना, दोन्ही नोंदी गेल्या वाटतं. नव्यानं भरतो तुला.

बायको: ते नंतर भरा हो! आधी उघडा. अंधारून आलंय इथं.

नवरा: फोनवरूनच उघडावं लागतं गं, जरा धीर... अरे, नेमका बिल्डरचाच फोन. एक मिनिट हं.

बायको: अहो, आत्ता नको ना! अहो!

नवरा: हॅलो, बोला साहेब. हो, हो, घरीच आहे. या ना. अहो, दार कसलं, घरातलं माणूसच समजा, बरोबर ओळखतं सगळ्यांना. हो, शेवटचा मजला. या, या... झालं गं. उघडतो. ऐकतेयस ना? गप्प का झालीस?

दार: आई आल्या.

नवरा: हे कसं? पुसलं मी आत्ता. यादीत नावच नाहीये... ए, चेष्टा नको करूस. चष्मा तर इथं माझ्यासमोर आहे. बोल ना काहीतरी!

बायको: बाळ्या, संपला का रे फोन?