दवाखान्याचं रजिस्टर, मृत्यूचं रजिस्टर

नाही मॅडम, ही दोन जोडायची नाहीत. बाकी काय हवं ते आणा तुमच्या त्या डेटा वेअरहाऊसमध्ये, सगळी रजिस्टरं एकत्र करताय त्यात — जन्म आणा, लसीकरण आणा, पाण्याचे नमुने आणा, संशोधन करणाऱ्यांना खुशाल द्या — पण दवाखान्याचं रजिस्टर आणि मृत्यूचं रजिस्टर वेगवेगळीच राहू देत. का म्हणजे? रुग्णांचे नंबर जुळत नाहीत म्हणून. — जुळतात? तुम्ही बघितले? कधी? … थांबा, दार लोटते जरा.

एकोणीस वर्षं आकडे भरतेय मी इथे, एक इकडचा तिकडे नाही — म्हणजे, एकदाच. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात टाकीखालच्या वस्तीत कावीळ आली. सतरा माणसं गेली, त्यात पाच गरोदर बायका. दवाखान्यानं कावीळच लिहिली होती. साहेब माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले — ते कधी बसत नाहीत — म्हणाले, "ताई, कावीळ दिसली की पाणी बंद करावं लागेल, बोंबाबोंब होईल. हृदयक्रिया बंद पडली असं लिहा. खोटं आहे का ते?" खोटं कसं असेल! मरताना सगळ्यांचंच बंद पडतं. लिहिलं मी. सतरा वेळा. लॉगिन माझं, पासवर्ड माझा. तुमच्या त्यात दिसतं का हो, कुणी बदललं ते? — दिसतं. तारखेसकट? — तेही दिसतं.

नोकरीची भीती नाही हो — म्हणजे आहे, नाही कशाला म्हणू — पण त्या पाचांतली एक माझी धाकटी जाऊ. सातवा महिना होता. नाही नाही, लिहिताना माहीत होतं मला, नाव समोरच होतं की! दाखल्यावर तेच वाचलंय दीरानं; अजून जेवता जेवता थांबतो, विचारतो, "वहिनी, हिला हृदयाचं दुखणं कधीपासून होतं हो?" मी त्याला भाजी वाढते. दुसरं काय करू?

आणि सोमवारपासून त्याच वस्तीतून चार काविळी आल्यात. हे बोलायला नको होतं मी. आज सकाळी पाचवी — बावीस वर्षांची, पोटुशी. जिवंत आहे अजून. तुमचं हे सगळं जोडून व्हायला किती दिवस? — आठ महिने? नुसता आराखडाच दोन? अहो, तिला कुठले आठ महिने!

हे घ्या. सतरा जणांची दवाखान्याची मूळ यादी आहे, खाली सोमवारपासूनचे पाच — नाही, चार आणि आजची एक — पाच म्हटलं की त्या पाच जणीच आठवतात. पाणी तपासणारे समोरच्या इमारतीत बसतात, दुसरा मजला. मीच जायला हवं, कळतं मला, काल जिन्यापर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले. माझी सही आहे खाली. कुणी दिली विचारलं तर नाव सांगा — सांगा, मागाहून मी नाही म्हणाले तरी सांगा. फोटो नको, कागदच न्या, आत्ताच, चहा वगैरे राहू दे —

साहेबांचे बूट वाजतायत. पिशवीत घाला, आधी पिशवीत घाला! — या साहेब. नाही, काही नाही, मॅडम निघाल्याच होत्या.