बिबड्यांचा ब्लॉग

अगं, आमच्या यांनी माझा ब्लॉग कधी उघडलाच नाही. तो बिबड्या-पापडांचा आहे, असं तेच ठरवून बसलेत.

परवा नंदुरबारला लग्नात धानोऱ्याच्या एका बाईने माझा हात धरला. "तुम्हीच ना त्या, ज्यांना घरात बोलायला कोणी नाही? मी सगळं वाचते तुमचं."

हे शेजारीच. हसून म्हणाले, "नही ताई, ती दुसरी व्हई. हाई ते बिबड्यासवर लिखस."

गाडीत मी सांगून टाकलं, "ती मीच आहे."

"हां, हां. वरणमा मीठ कमी व्हतं ना?"

घरी येऊन तेही ब्लॉगवर लिहिलं. धानोऱ्याहून लगेच कमेंट आली, "मीही आमच्यांना सांगितलं, मला एकटं वाटतं. म्हणाले, बट्टी कच्ची होती."